हुकूम बरोबर होता

शेणवा,
२८ जानेवारी २००३

प्रिय बाळे,

पत्र बघून दचकू नकोस, तुझ्या माहेरी सगळी धडधाकट आहेत. तुझ्या आईला कालच डोळ्यांनी बघून आले. सकुबाईंचा खोकला उतरलाय आणि वालाच्या शेंगा तोडायला त्याच सगळ्यांच्या पुढे असतात. तुझा पत्ता तुझ्या भावानं, भगीरथदादानं दिला, कसा दिला ते पुढे येईलच. आधी बातमी ऐक. परवा सव्वीस जानेवारीला शहापूरच्या मैदानावर अकरा पथकांत आपल्या बायकांच्या पथकाचा पहिला नंबर आला. पोलिसांच्या पोरांना मागे टाकून! आणि कमांड दिली मी. हसलीस ना? मला ठाऊक आहे. ‘गिरजे, तू थम म्हनलीस का एसटीला हात केल्यावानी वाटतं,’ असं तूच म्हणायचीस. आता माझ्या ‘थम’वर छत्तीस जणी थांबतात आणि टाच एकच वाजते. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही, म्हणून सकाळपासून दोनदा बक्षिसाची ढाल हातात घेऊन बघितली. घरीच आहे ती, आठवडाभर. मग पथकाच्या कचेरीत ठेवायची.

तुला पंच्याण्णव सालचा तो पहिला दिवस आठवतो का? तालुक्यात बायकांचं रक्षक पथक निघालं, यात्रेत बंदोबस्ताला उभं राहायचं, पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीला संचलन करायचं, म्हणून शेणव्यातनं मी आणि वरच्या वाडीतनं तू अशा दोघीच निघालो होतो. तू डोंगर उतरून तासभर चालत यायचीस आणि मी नाक्यावर एसटी अडवून ठेवायचे. खाकी पँट घालून पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा माझ्या सासूबाई दारात बसून होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. शेखर तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. भातसानगरला धरणावरचे त्याचे सोबती त्याला विचारायचे, ‘काय रे, घरी सलाम ठोकून जेवतोस का?’ त्याला ते लागायचं. पण अडवलं नाही त्यानं. ‘एक डाव जरी हसं झालं, तर बंद,’ एवढंच म्हणाला होता. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला नंतर फार वाटलं.

गणू उस्ताद किती ओरडायचे आपल्याला! पलटणीतनं हवालदार होऊन आलेला माणूस, त्याच्यासमोर आपण चोवीस जणी म्हणजे सुटलेल्या शेळ्या. हुकमाचे दोन तुकडे असतात, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. पहिला तुकडा लांब, तो कान उभे करतो. मग एका श्वासाची जागा. मग दुसरा तुकडा आखूड, कोयत्यानं तोडल्यासारखा, तो पाय हलवतो. साऽऽव, आणि मग धान. दोन्ही एकात मिसळले की पथकाची खिचडी. आणि चालत्या पथकाला हुकूम द्यायचा तर तो नेमक्या पायावर पडला पाहिजे. पाऊल हुकलं की निम्म्या जणी थांबणार, निम्म्या पुढच्या पाठीवर जाऊन आदळणार. मला हे सगळं डोक्यात समजायचं, पण तोंड उघडलं की चिमणीचा आवाज निघायचा.

तुझ्याकडे आवाज होता, पण शब्द नव्हता. घरी तुमची बोली, शाळेत मराठी, आणि इथे उस्तादांचं पलटणीतलं हिंदी. पहिल्याच दिवशी त्यांनी तुला पुढे बोलावलं आणि तू जोरात म्हणालीस, ‘परेड, इसराम!’ सगळ्या हसल्या. बाळे, मीही हसले होते. तू मात्र लाजली नाहीस. उस्तादांना म्हणालीस, ‘उस्ताद, अजून एक डाव बोला, मना तोंड बघू द्या.’ आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिलीस. मग आठ दिवस डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरताना ‘विश्राम, विश्राम’ म्हणत यायचीस, वाटेवरची माणसं म्हणायची, सकुबाईच्या पोरीला झपाटलंय. नवव्या दिवशी तू ‘विश्राम’ म्हणालीस तेव्हा शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. उस्तादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. तिसऱ्या महिन्यात पथकाची कमांडर तू. आणि मी पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या पुढे, गाईड. मी वळेन तिकडे पथक वळणार. तू हुकूम द्यायचा आणि मी तो पायांनी खरा करायचा, अशी आपली जोडी.

आता पुढचं. सत्त्याण्णवच्या पंधरा ऑगस्टबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. तुझ्या लग्नात मी आले, तुला हळद लावली, तेव्हाही नाही. तुला सगळं माहीत आहे, माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी मला ते एकदा लिहू दे.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या दिवशी केवढी गर्दी होती! पाऊस तासभर थांबला होता, मैदानात चिखल होता आणि कडेला शाळांची पोरं झेंडे घेऊन बसली होती. आपण कोपऱ्यापर्यंत झकास आलो. तिथून डावीकडे वळायचं आणि साहेबांच्या मंचासमोरनं जायचं. तू हुकूम दिलास, ‘बाये, घूम!’ स्वच्छ दिलास, नेमक्या पायावर दिलास. आणि त्याच घटकेला उजवीकडच्या गर्दीतनं ‘आये!’ अशी हाक आली. शेखर नमूला खांद्यावर घेऊन उभा होता. तो येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझी मान फिरली आणि मानेमागून पाय फिरले. मी उजवीकडे वळले. माझ्यामागून निम्म्या जणी उजवीकडे आल्या, निम्म्या डावीकडे गेल्या, आम्ही सरळ पोरांच्या लेझीम पथकात घुसलो, मागच्या ओळीतली सावळी चिखलात पडली. सगळं मैदान हसलं. अजून ते हसणं माझ्या कानात आहे.

संचलन संपल्यावर ते बाहेरगावचे पाहुणे साहेब तुझ्यावर किती ओरडले. ‘दाहिने बोललीस ना? हुकूम नीट येत नाही तर पुढे कशाला उभी राहतेस?’ तू सावधानमध्ये उभी होतीस. हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. म्हणालीस, ‘पथक माझं आहे, साहेब. जबाब माझा.’ मी तुझ्यापासून चार हातांवर उभी होते. मला एक पाऊल पुढे यायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि मी ते केलं नाही. गर्दीत शेखर उभा होता. पथकाच्या वहीत तुझ्या नावापुढे शेरा पडला, ‘चुकीचा हुकूम, कमांडरपदावरून कमी.’ परतताना एसटीत तू माझ्या शेजारी बसलीस आणि खिडकीतनं बाहेर बघत म्हणालीस, ‘तुजा नवरा आलेला ना बघाया? तुजं नाव नाय निघालं ते बरं झालं गो. निघालं असतं तर तुजी परेड बंद.’ मी तिकीट मुठीत चुरगाळत बसले.

बंद तुझीच झाली. बाजारात लोक भगीरथदादाला विचारायचे, ‘काय रे, तुमच्या वाडीवाल्यांना डावं-उजवं कळत नाय व्हय?’ मी किराणाच्या दुकानात उभी असताना हे एकदा माझ्यासमोर झालं. सगळ्यांना ते किती सहज पटलं, बाळे! वाडीची पोरगी, हिंदी हुकूम, चुकणारच. डावीकडे वळलेल्यांनाही वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. दादा मान खाली घालून निघून गेला आणि मी पाव किलो गूळ घेऊन घरी आले. पुढच्या होळीआधी तुझं लग्न लागलं आणि तू मुरबाडच्या बाजूला गेलीस.

मी पथकात राहिले, पण गाईड म्हणून उभी राहिले नाही. मागच्या ओळीत जागा मागून घेतली. दोन हजार साली जुन्या बायका गळाल्या, तेव्हा उस्तादांनी कमांड द्यायला मलाच पुढे काढलं. मी रोज पहाटे खळ्यावर जाऊन ओरडायचे. सासूबाईंनी पहिल्यांदा कानांवर हात ठेवले, मग म्हणाल्या, ‘ओरडायचंच तर नीट तरी ओरड, म्हशी दूध चोरतात.’ खरं सांगू? मला उस्तादांची शिकवण आठवायची नाही. तू कशी म्हणायचीस ते आठवायचं. ‘साव’ किती लांबवायचीस, मग कुठे थांबायचीस. तेच म्हणत म्हणत माझा आवाज पोटातनं यायला लागला. लोक माझं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, हे चोरीचं आहे.

आता परवाचं. परवाचं म्हणजे आदल्या दिवसाचं आधी, पंचवीस तारखेचं, रंगीत तालमीचं. माझी गाईड स्नेहल, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते. त्याच कोपऱ्यावर मी म्हटलं, ‘बाये, घूम!’ आणि ती सरळ चालत गेली. पथक फाटलं. आताचे समादेशक साहेब, तालुक्याचं सगळं पथक ज्यांच्या हाताखाली आहे ते, भरभर चालत आले आणि मला म्हणाले, ‘बाई, काय कमांड दिलीत?’ मी तोंड उघडायच्या आत स्नेहल एक पाऊल पुढे आली. टाच आपटली. ‘सर, कमांड बरोबर होती. माझंच लक्ष नव्हतं.’ साहेब म्हणाले, ‘उद्या लक्ष ठेव.’ आणि गेले. झालं. एवढ्यात संपलं. एक ‘सावधान’ म्हणायला लागतो तेवढा वेळ. मला तेवढ्यासाठी साडेपाच वर्षं पुरली नव्हती. ती पोरगी ओळीत परत गेली, नाक पुसलं आणि मैत्रिणीकडे बघून हसली. मी तिच्याकडे बघत राहिले. उद्या जिंकू किंवा हरू, बोलायचं, हे मी तिथेच ठरवलं.

आणि सव्वीस तारीख काय उगवली म्हणून सांगू! थंडी अशी की तोंडातनं वाफ निघत होती. सगळ्या जणींचे बूट पांढरेशुभ्र, पट्ट्याचं पितळ चमकत होतं. मी ‘परेड’ म्हटलं आणि मैदान गप्प झालं. ‘तेज, चल!’ स्नेहल कोपऱ्यावर अशी वळली, जणू दोरीनं आखून दिलंय. पण पुढे गंमत झाली. आमच्या पुढच्या पथकाच्या एका पोराचा बूट निसटला, ते सगळे मंचाच्या जरा अलीकडे अडखळून थांबले आणि आम्ही चाललोय सरळ त्यांच्या पाठीवर. आठ-दहा पावलं उरली होती. ‘थम’ म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर आम्हीही अडकून पडलो असतो. मी पाय मोजला आणि हुकूम टाकला, ‘कदम, ताल!’ छत्तीस जणी जागच्या जागी पाय आपटायला लागल्या. धप, धप, धप. एकीचंही पाऊल पुढे गेलं नाही. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. पुढची पोरं सावरून सरकली, मी ‘आगे, बढ!’ म्हटलं, आणि आम्ही तशाच निघालो. मग मंचासमोर ‘दाहिने, देख!’ छत्तीस माना एकदम फिरल्या. टाळ्या अशा वाजल्या की पुढचा हुकूम ऐकू जातो की नाही याची मला भीती वाटली. गेला ऐकू. मुरबाडपर्यंत आला असेल, तू ऐकला नाहीस?

निकालानंतर कचेरीच्या ओसरीत चहा होता. उस्तादांना मुद्दाम बोलावलं होतं. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. साहेब म्हणाले, ‘बाई, दोन शब्द बोला.’ शेखर कोपऱ्यात नमूचा हात धरून उभा होता. या वेळी मी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग बोलले. म्हटलं, ‘सत्त्याण्णवच्या पंधरा ऑगस्टला बाळीनं चुकीचा हुकूम दिला असं वहीत लिहिलंय. तो हुकूम बाये घूमच होता. गाईड मी होते. उजवीकडे मी वळले, आणि आजवर गप्प बसले. मी आज जी कमांड दिली ती तिची ऐकून शिकलेली आहे.’ उस्ताद काठीवर जोर देऊन उठले. म्हणाले, ‘म्हणजे माझ्या पोरीनं बरोबर दिला होता?’ मी म्हटलं, ‘नेमक्या पायावर, उस्ताद.’ ते परत खाली बसले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले. ‘इतकी वर्षं मला वाटलं, माझ्याच शिकवण्यात खोट राहिली.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘उशीर केलास.’ बस, एवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. साहेबांनी जुनी वही काढायला लावली. तुझ्या नावापुढचा शेरा सगळ्यांसमोर खोडला, खाली लिहिलं, ‘हुकूम बरोबर होता’, सही केली, तारीख घातली. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. घरी येताना शेखर माझ्या बरोबरीनं चालत होता. मग म्हणाला, ‘मी तवा हसलोच नव्हतो गो. तुला वाटलं असंल. मी नमूला दाखवत व्हतो, ती बघ तुजी आई.’

काल मी वाडीवर गेले. मैदानावर बोलण्यापेक्षा ते अवघड होतं. दादा अंगणात कुडाची काठी तासत होता, सकुबाई आणि शेजारची काशी शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दादाचा कोयता थांबला. ‘पाच वरसां मी बाजारात मान खाली घालून फिरलो,’ तो म्हणाला. ‘नि तू आता सांगतेस?’ मी खाली बघत उभी राहिले. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो उठला, अंगणाच्या कडेला जिथून खालची वाडी दिसते तिथे गेला, तोंडाशी हात धरले आणि घसा फाडून ओरडला, ‘आमच्या बाळीचा हुकूम बरोबर हुताऽऽ!’ खालून कुणीतरी विचारलं, ‘काऽऽय?’ त्यानं परत हाळी घातली. मग तिसऱ्यांदा. खालची माणसं घराबाहेर आली. सकुबाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन हसत होत्या, आणि रडत होत्या, दोन्ही. मग दादा आत गेला, तुझ्या सासरचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘लिव तिला. आजच लिव.’ चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही मला.

पण एवढं सांगायलाच मी पत्र लिहीत नाही, बाळे, कारण हुकूम बरोबर होता हे तुला कुणी सांगायला नको. मुरबाडला बायकांचं नवं पथक निघतंय. चाळीस जणींनी नावं दिलीत, त्यातल्या निम्म्या तुमच्याच बाजूच्या वाड्यांमधल्या. त्यांना शिकवायला कुणी नाही. साहेबांनी मला विचारलं, मी तुझं नाव दिलं, आणि उस्तादांनी माझ्या आधी मान हलवली. सोबत फॉर्म आहे. तुझं नाव, गाव मी घातलंय. ‘कमांड देण्याचा अनुभव’ हा रकाना रिकामा ठेवलाय, तो तू तुझ्या हातानं भर, आणि खाली सही कर. तुझ्या नवऱ्याशी, धाकलूभावजींशी बोलायला रविवारी भगीरथदादा येतोय, मी आणि शेखरही येतोय. ते नाही म्हणाले तर काय, हे तेव्हा बघू. आता कुणाच्या भीतीनं मी गप्प बसणार नाही, एवढं नक्की. आठ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळी आठ वाजता मुरबाडच्या मैदानावर चाळीस बाया ओळीत उभ्या असतील. त्यांना सावधान म्हणायला कुणीतरी हवं. ये.

तुझीच,
गिरजा